ठोकळे लागले

कॅम्पग्राउंडवर कुणी ट्रेलर मागे घ्यायला लागलं की आसपासच्या खुर्च्या फिरतात. मुद्दाम कुणी फिरवत नाही. हातातला बिअरचा डबा तसाच, पायाशी कुत्रं तसंच, तोंडं मात्र तळ्याकडून रस्त्याकडे वळलेली. त्यातून जुलैतली शुक्रवारची संध्याकाळ असली तर विचारूच नका. सगळे एकाच वेळी येऊन पोचतात, प्रत्येकाला आपलं चाकांवरचं घर दोन झाडांच्या मधोमध पाठमोरं घुसवायचं असतं, आणि आधी पोचलेल्यांना दुसरं काही काम नसतं.

ब्रेनाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर कालपासून ती मनातल्या मनात ट्रेलर मागे घेत होती. सामान भरताना घेत होती, सबंध वाटेत घेत होती आणि आता चाकाखाली खडी करकरायला लागली तरी घेतच होती.

ट्रेलर सासऱ्यांचा. व्हर्लिन त्यांचं नाव; सगळी उमेदीची वर्षं त्यांनी तो मिनेसोटाच्या एकेका तळ्यावर नेऊन लावला, आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मुलाला, म्हणजे ब्रेनाच्या नवऱ्याला, गॅरेटला देऊन टाकला. चांगला बत्तीस फुटी. आत दोन बिछाने, चूल, फ्रीज, आंघोळीची जागा, सगळं. किल्ल्यांबरोबर म्हातारबांनी उपदेशाचं गाठोडंही दिलं होतं. स्टिअरिंग खालच्या बाजूला धरायचं. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं शेपूट डावीकडे. मागून इशारे करणारी बायको आरशात दिसेनाशी झाली की ब्रेक. कुणी काही का सांगेना. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, "एक इंच हलवायचा असो की हजार मैल, आधी पायरी वर, मग दाराला कुलूप. उघड्या पायरीनं मी एकदा पेट्रोल पंपाचा खांब वाकवलाय. तुझी आई अजून ऐकवते."

गॅरेट हसायचा, पण हाताला वळण लागलंच. ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपकडे जाताना तो बोलत असो, खात असो, वाटेत त्याचा हात आपसूक दाराखालची घडीची पायरी दुमडायचा, दार ओढायचा, किल्ली फिरवायचा. नंतर विचारलं तर त्याला आठवायचंही नाही. "लावलंस का रे?" म्हटलं की परत जाऊन बघायचा, लावलेलंच असायचं.

सासऱ्यांची आणखी एक रीत होती. ट्रेलर जागेवर बसला की चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यायचे, आणि ते घट्ट बसले की मोठ्यानं ओरडायचं, "ठोकळे लागले!" ट्रेलर मागे जायला लागल्यापासून ही आरोळी ऐकू येईपर्यंत गाडीतल्या कुणी पट्टा सोडायचा नाही की जागचं हलायचं नाही.

त्यात ब्रेनानं स्वतःची भर घातली होती. मे महिन्यात चर्चमागच्या मोकळ्या आवारात दोघं सराव करत होती, तेव्हा मागच्या सीटवरून चार वर्षांची जूनी एकदम किंचाळली, "डॅडी, बदक!" गॅरेट दचकला आणि ट्रेलरचा कोपरा दिव्याच्या खांबावर. पोचा अजून आहे. त्या दिवशी घरी आल्यावर ब्रेनानं मुलीला समोर बसवलं. "हे बघ, ट्रेलर मागे जायला लागला की दोन्ही हात तोंडावर. एक शब्द नाही, काहीही झालं तरी. डॅडी 'ठोकळे लागले' म्हणाला की मग बोल, नाच, काय वाटेल ते कर. कबूल?"

"कबूल," जूनी म्हणाली. तिला तो खेळच वाटला. पुढे आठवडाभर घरातल्या सगळ्या बाहुल्या तोंडावर हात धरून सोफ्यावर बसल्या होत्या, आणि जूनी येरझारा घालत त्यांना दटावत होती, "शू! अजून ठोकळे नाही लागले."

ब्रेनाला तेव्हा बरं वाटलं होतं. आपली मुलगी ऐकते.

त्यांना मिळालेली जागा पाण्याच्या बाजूची, रस्त्याच्या डाव्या हाताला. रस्ता गोल आणि एकेरी, म्हणजे मागच्यांना पुढे जायला वाव नाही. गॅरेटनं पिकअप जागेच्या थोडी पुढे नेऊन उभी केली, आणि बघतात तो पाठीला बसएवढं एक मोटरहोम येऊन थांबलेलं, त्याच्यामागे आणखी दोन गाड्या.

"झालं," गॅरेट म्हणाला. "वरात जमली."

"जमू दे. आधी जागा बघून येते. तू घाई करू नकोस." ब्रेनानं जूनीचा पट्टा सोडला आणि तिला हाताशी धरून खाली उतरली.

जागा पायाखालून घातल्याशिवाय ट्रेलर मागे घ्यायचा नसतो. वर फांद्या किती खाली आल्यात, खाली कुठे खुंट आहे का, पाण्याच्या नळाचा खांब कुठे, विजेचा कुठे. ब्रेना मान वर करून पाइनच्या फांद्या बघत होती, एका हातानं डास मारत होती. मागच्या बाजूला नेच्यांमधून एक पायवाट थेट तळ्यात उतरत होती. ती दिसताच तिनं जूनीला जवळ ओढलं.

"जूनी, या वाटेनं एकटीनं जायचं नाही. कळलं?"

"कळलं. तिथे बदकं आहेत?"

"असतील. उद्या बघू. आता जा, डॅडीजवळ जाऊन गाडीत बस. पट्टा डॅडीकडून लावून घे."

जूनी खडीतून उड्या मारत गेली. ट्रेलरचं तोंड आणि पिकअप यांच्या पलीकडून गॅरेटचा हात पुढे आला, त्यानं जूनीला ओढून घेतलं. एवढं ब्रेनानं डोळ्यांनी पाहिलं आणि मगच ती वळली. मधेच कुणीतरी ठेवून गेलेलं जेवणाचं लाकडी बाक बाजूला ओढायचं होतं.

बाक अर्ध्यावर आलं असेल-नसेल, शेजारच्या जागेतून एक दणकट म्हातारा आला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. टोपीला मासे पकडायचे गळच गळ टोचलेले.

"लॉवेल," तो म्हणाला. "पोरी, पहिल्यांदा का?"

"सासऱ्यांशिवाय पहिल्यांदा."

"मग चिंता सोड. मी आहे ना! या जागेत मी किती जणांचे ट्रेलर बसवून दिलेत, गणती नाही."

"लॉवेल, खाली बस," खुर्चीतून त्याची बायको म्हणाली. तिचं विणकाम थांबलं नव्हतं. "आपला स्वतःचा अजून वाकडा उभाय. सकाळी अंडं तव्यातून एका बाजूला घरंगळलं."

"जमीन वाकडी आहे, आर्डिस."

"हो. आपण जाऊ तिथली जमीन वाकडीच निघते."

ब्रेनाला म्हणायचं होतं, नको काका, आमचं आम्ही बघतो. पण या भागात मदत करायला आलेल्या माणसाला सरळ नको म्हणायची जीभ कुणालाच नसते. तिच्या तोंडून निघालं, "तुम्हाला उगाच त्रास." तो लॉवेलनं होकार समजला आणि पँट वर ओढत ट्रेलरच्या पलीकडे गेला.

मोटरहोमनं एकदा भोंगा वाजवला. अगदी हळू, माफी मागितल्यासारखा. थोडा वेळ पलीकडे बोलणं ऐकू येत होतं, लॉवेलचं हसू, गॅरेटचं "हो, हो". मग पिकअपचं दार लागलं आणि इंजिन घरघरलं.

ब्रेना मागे, चालकाच्या बाजूला, आरशात दिसेल अशी उभी राहिली. फोनला इथे रेंज नाही, सगळं हातांवर. उजवा हात उजवीकडे, डावा डावीकडे, डोक्यावर दोन्ही मनगटांची फुली म्हणजे थांब. आरशात गॅरेटचा चेहरा नखाएवढा दिसला. त्यानं मान हलवली. ट्रेलर हलला.

सुरुवात छान झाली. शेपूट वळलं, जागेच्या तोंडाशी आलं. आजूबाजूच्या खुर्च्यांतून मतं यायला लागली होती.

"डावीकडे घे म्हणावं!"

"त्याच्या डावीकडे की आपल्या?"

"डावं ते डावं!"

"तू गप बस, तू गेल्या वर्षी नळाचा खांबच घेऊन गेलास."

ब्रेना कुणाकडे बघत नव्हती. चाक, फांदी, खांब, आरसा. चाक, फांदी, खांब, आरसा. आणि एकदा आरशाकडे बघते तर आरसा नाही. आरशाच्या जागी लॉवेलची पाठ. म्हातारा चालकाच्या खिडकीला लगटून चालत होता, एक हात दारावर आणि दुसऱ्या हातानं हवेतून ट्रेलर ओढत. "आण. आण. भरपूर जागा आहे. आण."

ब्रेना दोन पावलं बाजूला सरकली. लॉवेलची पाठही सरकली. आता गॅरेटनं थांबायला हवं होतं. नियम तोच होता. ट्रेलर थांबला नाही. ती आणखी सरकायला गेली, पायाखाली बघितलं, आणि तिला सँडल दिसला.

पिवळा. रबरी. पट्ट्यावर प्लास्टिकची स्ट्रॉबेरी. खडीत आडवा पडला होता, मागे येणाऱ्या चाकाच्या बरोबर वाटेत.

आधी तिला एवढंच वाटलं, अरे, जूनीचा सँडल. अगदी घरात सोफ्याखाली सापडल्यासारखं. मग डोक्यात दुसरं काहीतरी उघडलं. सँडल इथे आहे. मघाशी नव्हता. मघाशी होता का? आपण फांद्या बघत होतो. जूनी गेली तेव्हा तिच्या दोन्ही पायांत होते का? पिकअपच्या मागच्या काचा काळ्या, आत काही दिसत नाही. सँडल इथे आहे तर पाय कुठे आहे?

तिनं हात वर नेले आणि मनगटांची फुली केली. चाक आलं. ती ओरडली, "थांब!" इंजिनाच्या घरघरीत तो शब्द तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. "आण, आण," लॉवेल म्हणत होता. चाक सँडलवर चढलं, स्ट्रॉबेरीचा कट् असा आवाज झाला, आणि तो मात्र तिला स्वच्छ ऐकू आला.

ती ट्रेलरच्या अंगावर धावली. दोन्ही तळहातांनी पत्रा बडवला, किती वेळा कोण जाणे. ट्रेलर गचका देऊन थांबला. ती बाजूनं पळत पिकअपपर्यंत गेली, लॉवेलला खांद्यानं ढकललं आणि मागचं दार उघडलं.

जूनीची खुर्ची रिकामी होती. पट्टे दोन्ही बाजूंना लोंबत होते. कापडी ससा खाली पडलेला.

"जूनी कुठंय?"

गॅरेटनं मागे वळून पाहिलं. "तुझ्याजवळ."

"माझ्याजवळ? मी तिला तुझ्याकडे पाठवलं! मी बघितलं, तू तिचा हात धरलास!"

"हो, पण तिला शू लागली होती. मी तिला ट्रेलरमध्ये पाठवलं आणि मागच्या मोटरहोमवाल्याला सांगायला गेलो, दोन मिनिटं थांब म्हणून. परत आलो तर हे काका म्हणाले, ती तुझ्याकडे गेली." तो लॉवेलकडे बघत होता. "म्हणालात ना?"

"मी पाहिली ना!" लॉवेल म्हणाला. "पिवळा शर्ट. पळत गेली त्या नेच्यांकडे, पाण्याच्या बाजूला."

जूनीनं काय घातलंय? ब्रेनाला आठवेना. सकाळी तिनं स्वतः तिच्या डोक्यातून ओढून घातलेला शर्ट; हात वर कर, शाबास, आता दुसरा हात; आणि त्याचा रंग आठवेना. पिवळा? सँडल पिवळा होता. शर्ट?

"ट्रेलरमध्ये पाहिलंत का?" आर्डिस विचारत होती. तिचं विणकाम आता जमिनीवर पडलं होतं.

गॅरेट पलीकडे पळाला. दाराची मूठ दोनदा ओढल्याचा आवाज आला. "बाहेरून कुलूप आहे! आत कशी असेल?" आणि तिथून तो तसाच पायवाटेनं तळ्याकडे धावला. "जूनी! जू-नी!"

मग सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मघाशी डावं-उजवं सांगणारी माणसं नेच्यांतून पळत होती. मोटरहोममधून एक बाई अनवाणी उतरली आणि न विचारता त्यांच्या मागे गेली. कुणीतरी होडी ढकलली. पाण्यात माणसं शिरल्याचा धपधप आवाज आला आणि तळ्यावरून एक लून पक्षी त्या वेड्या हसण्यासारख्या आवाजात ओरडला.

ब्रेना हलली नाही. लोकांना वाटलं तिला भोवळ आली. तसं नव्हतं. पाणी समोर होतं आणि चाक मागे, आणि आधी कुठे बघायचं हे तिला ठरवता येईना. पाण्याकडे गेलं तर चाकाखाली बघायला हवं होतं असं आयुष्यभर वाटेल. चाकाखाली बघितलं तर तेवढ्यात पाण्यात काय होईल. लॉवेल तिच्या शेजारी उभा होता. त्याची टोपी हातात होती आणि ओठ हलत होते.

"मी पाहिली," तो म्हणत होता. "पोरी, मी खरंच पाहिली."

तेवढ्यात समोरच्या तंबूमागून एक मुलगी आली. सहा-सात वर्षांची, दोन वेण्या, हातात मार्शमॅलो भाजायची काडी. अंगात पिवळा शर्ट.

लॉवेलनं तिच्याकडे पाहिलं. मग ब्रेनाकडे. त्याचा चेहरा असा झाला की ब्रेनाला त्याच्याकडे बघवेना.

म्हणजे जूनीला पाण्याकडे जाताना कुणीच पाहिलं नव्हतं. म्हणजे ती कुठेही जाताना कुणीच पाहिलं नव्हतं. राहिलं एकच.

ती खाली बसली. गुडघे टेकले, मग तळहात, मग गाल खडीला लावला आणि ट्रेलरच्या पोटाखाली पाहिलं. दोन चाकांच्या मध्ये. चाकांच्या मागे. तिनं पुढच्या चाकापासून सुरुवात केली, कारण सँडल मागच्या चाकाखाली होता. डोळे मिटावेसे वाटत होते, मिटले नाहीत. लोखंडी दांडे. चिखल. वाळलेलं गवत अडकलेलं. पिवळ्या रबराचा एक तुकडा. आणि खडी. नुसती खडी.

तिनं परत पाहिलं. पहिल्यांदा पाहिलेल्यावर तिचा विश्वास नव्हता. नुसती खडीच होती.

"काही नाही," तिच्या शेजारी पोटावर झोपून लॉवेल म्हणाला. म्हातारा रडत होता. "पोरी, खाली काही नाही."

कुणीतरी पिकअपचं इंजिन बंद केलं. एकाएकी सगळं शांत झालं. पाण्यावरच्या हाका लांबून येत होत्या, आणि ब्रेनाचं डोकं अजून ट्रेलरच्या पोटाखालीच होतं. तिच्या कानाच्या अगदी जवळ काहीतरी घुर्र झालं.

थांबलं. पुन्हा घुर्र झालं.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. रात्री कुणी उठलं, नळ सोडला की बिछान्याखाली हाच आवाज यायचा. पाण्याचा पंप. तो आपण होऊन कधी चालत नाही. आत कुणी पाणी सोडलं तरच चालतो.

ती उठली ती ट्रेलरचा पत्रा धरत धरतच. पलीकडे, दाराच्या बाजूला आली. पायरी वर दुमडलेली. दाराला कुलूप. तिनं मूठ ओढली, दारावर दोन्ही मुठी हाणल्या. "जूनी! जूनी, मम्मी आहे! आहेस का आत? बोल!"

आत चिडीचूप.

"बोल ना गं!"

काही नाही. आणि पुन्हा, अगदी हळू, घुर्र.

"गॅरेट!" तिनं हाक मारली. तिला स्वतःचा एवढा मोठा आवाज माहीत नव्हता. "किल्ली आण! किल्ली!"

तो पायवाटेनं वर आला तेव्हा छातीपर्यंत भिजलेला होता, एक बूट तळ्यात गेलेला. दार, पायरी, कुलूप असं त्यानं एकेक पाहिलं आणि जागीच उभा राहिला.

"कुलूप कुणी लावलं?" ब्रेनानं विचारलं.

त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा हात आपल्या मनगटाला लागलाय असं बघत होता. "मी... परत आलो, हे काका बोलत होते, मी गाडीकडे निघालो..." हात हवेत आपसूक तसाच फिरला: पायरी, दार, किल्ली. "ब्रेना, मला आठवत नाही. मी लावलं असणार. मला आठवतच नाही."

ओल्या खिशातून किल्ल्या निघेनात. निघाल्या तर खाली पडल्या. आर्डिसनं उचलल्या, तिनंच भोकात घातल्या, आणि दार उघडलं.

जूनी संडासात होती. दार उघडंच; आतल्या अरुंद जागेत झाकणावर बसलेली, पाठ भिंतीला टेकलेली, एक पाय सँडलमधला आणि दुसरा उघडा. गचक्यांनी घसरून पडू नये म्हणून उघडा पाय तिनं खाली पाणी सोडायच्या पायपट्टीवर रोवून धरला होता. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ. दोन्ही हात तोंडावर, इतके घट्ट दाबलेले की बोटांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. हातांच्या वर नुसते डोळे.

शर्ट हिरवा होता.

ब्रेनानं तिला उचललं. डोकं चाचपलं, मान, हात, पोट, उघडा पाय, एकेक बोट. सगळं जागेवर होतं. छातीत धडधड होती, आपली की तिची ते कळत नव्हतं. ती तिला घेऊन बाहेर आली आणि पायरी वर आहे हे विसरून पडणार होती. लॉवेलनं दोघींना धरलं.

"लागलं का तुला? कुठे लागलं? जूनी, मम्मीला सांग."

जूनीनं मान हलवली. हात तोंडावरून काढले नाहीत.

"मी हाका मारत होते, ऐकू आल्या नाहीत का?"

मान हलली. आल्या.

"मग बोल ना बाळा! काहीतरी बोल!"

जूनीचे डोळे काठोकाठ भरले होते, पण आवाज नाही. गॅरेट समोर गुडघ्यांवर बसला होता, त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं, आणि तो "जून्या, ए जून्या" एवढंच म्हणत होता. लोक परत येऊन घोळका करून उभे होते. कुणीतरी म्हणालं, "डोक्याला मार बसलाय, वाचा गेली असेल." दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. ब्रेनानं ते ऐकलं. तिनं जूनीच्या कपाळावरचं टेंगूळ पुन्हा चाचपलं.

मग जूनीनं एक हात जरासा सैल केला. दुसरा तोंडावर तसाच. सुटलेल्या हाताचं बोट तिनं खाली, ट्रेलरच्या चाकाकडे केलं, आणि चटकन हात परत तोंडावर ठेवला.

ब्रेना त्या चाकाकडे बघत राहिली. चाक खडीत, मोकळं. ना पुढे काही, ना मागे.

"गॅरेट," ती म्हणाली. "ठोकळे."

"काय?"

"ठोकळे लाव."

"ब्रेना, ट्रेलर अजून रस्त्यातच आडवा आहे."

"असू दे. लाव."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मुलीच्या तोंडावरच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. तो पळतच गेला. ट्रेलरच्या पोटातली पेटी उघडली, ठोकळे काढले. एका पायात बूट, एक पाय ओल्या मोज्यात. अर्धा रस्त्यात आणि अर्धा जागेत तिरका उभा असलेला ट्रेलर, मागे गाड्यांची रांग, आणि गॅरेट गुडघे टेकून एकेक ठोकळा चाकाखाली सारत होता, बुक्कीनं ठोकत होता, हलवून बघत होता. कुणी भोंगा वाजवला नाही. कुणी डावं-उजवं सांगितलं नाही. जूनी आईच्या खांद्यावरून प्रत्येक ठोकळा बघत होती.

तो उभा राहिला. खाकरला. आणि मग त्याच्या बापाच्या त्या खणखणीत आरोळीत, फक्त मध्येच चिरकलेल्या, तो ओरडला, "ठोकळे लागले!"

जूनीनं हात काढले. ओठांभोवती तिच्याच बोटांचे वळ उठले होते. तिनं श्वास घेतला, आणखी घेतला, मावेना इतका घेतला, आणि भोकाड पसरलं. असं की झाडावरचे कावळे उडाले, कुत्री भुंकायला लागली, तळ्यावर होडीत उभ्या असलेल्या माणसानं वल्हं खाली टाकलं आणि मटकन बसला.

"मी नाही बोलले!" ती रडता रडता सांगत होती. "मम्मी, ट्रेलर हलला आणि मी पडले तरी नाही बोलले! तू हाका मारल्यास तरी नाही बोलले!"

"हो गं," ब्रेना म्हणाली. "हो."

तिला शाबास म्हणायचं होतं. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती. तो शब्द काही तिच्या तोंडून येईना. ती खडीत खाली बसली, मुलीला पोटाशी धरून. तिनं तिला उगी म्हटलं नाही, थोपटलं नाही. जूनी जेवढ्या मोठ्यानं रडत होती, तेवढ्या मोठ्यानं तिनं तिला रडू दिलं.